नव्वद ते शंभरच्या मध्ये

पहाटे पाचला फोनवर एक बाई रंग सांगते.
ध्वनिमुद्रित बाई. तिला सर्दी होत नाही, बर्फात तिची गाडी अडकत नाही.
"आज राखाडी. आज गुलाबी."
हॅनकॉक गावातली चाळीसेक माणसं
अंधारात, चहाकॉफीच्या आधी,
आपला रंग निघतो का ते ऐकत असतात.

व्हर्ना सालमेलाचा रंग गुलाबी.
तिने निवडला नव्हता. कोर्टाने वाटला,
शेजाऱ्याच्या पोस्टाच्या पेटीवर गाडी घातली त्या वर्षी.

सातला ती दारात. बूट आपटते, बर्फ झाडते.
मी ओळखपत्र मागते.
तिची धाकटी माझ्या वर्गात होती, तरी मागते.
कोट खुंटीवर, खिसे उलटे, हात धुऊन.
मग नळ बंद. कमोडमधलं पाणी निळं,
म्हणजे कपात दुसरं काही ओतता येऊ नये.
आणि मी उभी. बघणं हे माझं काम,
तासाला सतरा डॉलर.

पहिल्या महिन्यात ती भिंतीकडे बघायची.
तिसऱ्यात कोंबड्यांबद्दल बोलायला लागली.
एकदा शाळेच्या स्वयंपाकघरातली व्हॅनिलाची बाटली
टेबलावर ठेवून म्हणाली,
"पस्तीस टक्के, पोरी. हिला हात लावायला मी आता
मदतनीस ठेवलीय."
ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्या पुष्कळ पाहिल्यात मी.
ही भांडं पुढे करून उभी.

कपाच्या पोटावर एक पट्टी असते.
नव्वद ते शंभरच्या मध्ये ठिपका हिरवा झाला
की समजायचं, हे आत्ताच माणसातून निघालंय.
झाकण, सील, तिची आद्याक्षरं, माझी आद्याक्षरं.

जानेवारीत अहवाल आला: अल्कोहोल आढळले.

ती एवढंच म्हणाली, "नाही."
सगळेच म्हणतात.
दोन रात्री तुरुंगात. बाहेर उणे वीस.
कोंबड्यांना दाणापाणी कुणी घातलं
हे विचारायची रीत त्या अर्जात नव्हती.

मग दुसरी चाचणी, महागडी, उशिराची.
पहिली विचारते, बाटलीत दारू आहे का.
दुसरी विचारते, ती कुणाच्या अंगातून गेली का,
यकृताने तिच्यावर सही केली का.
सही नव्हती.

लघवीत साखर होती. साखरेत यीस्ट.
कुरियरची व्हॅन शनिवार-रविवार गरम गॅरेजमध्ये उभी,
आणि आत सीलबंद बाटली
एकटीच बसून आंबत राहिली,
वर आमच्या दोघींच्या सह्या घेऊन.
चाळीस वर्षं कणीक भिजवून रात्रभर फुगवणाऱ्या बाईला
हे समजावून सांगावं लागलं नाही.
"म्हणजे मला मधुमेह आहे," ती म्हणाली.
ते तिला असं कळलं.

न्यायाधीशांनी चष्मा पुसला. नोंद दुरुस्त करा म्हणाले.
कारकुनाने केली. दोन रात्रींसाठी तिथे रकाना नव्हता.
तीन कोंबड्या गोठल्या, एक वाचली.

शुक्रवारी मी घरी जाते तेव्हा
फ्रिजच्या दारात अर्धी वाईन उभी असते.
तिला कुणी रंग दिलेला नाही.
त्या शुक्रवारी मी ती ओतली नाही आणि प्यायलेही नाही,
दार उघडं ठेवून नुसती उभी राहिले,
फ्रिज पीं पीं करायला लागेपर्यंत.

आज पुन्हा गुलाबी.
व्हर्नाने बूट आपटले. मी ओळखपत्र मागितलं.
तिने दिलं, आणि म्हणाली, वाचलेली ती अंडी घालत नाही,
पण दिवा लावला की जवळ येऊन बसते.
मी नियमाप्रमाणे बघितलं.
कप हातात घेतला. हातमोज्यातूनही लागते ती ऊब,
रोज लागत असणार.
ब्याण्णव.
मी लिहून घेतलं.