कुरापत

क्लाइपेडात नोव्हेंबरात चारलाच दिवे लागतात.
आईच्या स्वयंपाकघरात एक लॅपटॉप, आम्ही तिघं.
ज्याची पाळी तो बसतो,
बाकीच्यांनी बाल्कनीत जायचं, बंदरातल्या क्रेन मोजायच्या,
डोकावायचं नाही. हा नियम आईचा,
पत्त्यांसाठी केलेला, अजून चालतो.

एकशे बेचाळिसावी फेरी.
थोरला दाउमांतास, त्याचं राज्य लाल.
धाकटा एइमुतिस, हिरवा.
मध्ये मी, पिवळी: पाच शहरं, भरपूर घोडे.
जो पहिला वार करेल त्याची पत जाते,
व्यापारी पाठ फिरवतात, आपलीच प्रजा रस्त्यावर येते,
आणि ज्याला मार बसला त्याच्या मदतीला सगळं जग.
म्हणून दोघांनाही लढाई हवी आहे,
पण दुसऱ्याने लादलेली.

दाउमांतासने काय काय केलं नाही!
हिरव्या नदीच्या उगमाशी टीचभर शहर वसवलं.
सरहद्दीला खेटून घोडदळ उभं केलं
आणि म्हणाला, चरायला आणलेत.
लोखंड विकणं थांबवलं, मिठाचा भाव तिप्पट.
मग आपलं सगळ्यात देखणं बंदर
एका म्हाताऱ्या धनुर्धाऱ्यावर सोपवून
सैन्य उत्तरेला नेलं, मोठ्याने जांभई देत.
ये ना. घे ना.

एइमुतिस येत नाही.
दोन शेतं नांगरतो, एक ग्रंथालय बांधतो,
फेरी संपवतो, चहात मध ढवळतो.
लहानपणीही असाच. टेबलाखालून लाथ बसली
तरी सूप पीत राहायचा,
आणि शेवटी लाथ मारणाराच ओरडायचा,
आणि ओरडा खायचा.

आईचा कोट अजून दाराशी टांगलेला आहे,
मार्चपासून. खिशात औषधांची पावती, एक बटण.
हे घर विकायचं, हे तिघांना ठाऊक आहे.
म्हणणार कोण?
जो म्हणेल त्याने आईला घराबाहेर काढलं,
असं उरलेले दोघे म्हणतील, तोंड न उघडता.
म्हणून एक म्हणतो, न्हाणीघरातला पाइप गळतोय.
दुसरा म्हणतो, हीटिंगचं बिल पाहिलंस?
सरहद्दीवर घोडे.
चरायला.

माझी पाळी आली.
दोघे बाल्कनीत. काचेतून दोन पाठी,
मधे एक माणूस मावेल एवढी जागा.
वर्षभर दोघांनाही घोडे विकले,
तरी माझ्याकडे अठरा उरलेले.
खेळाने विचारलं, नक्की?

मी लाल बंदर घेतलं. म्हाताऱ्याने
एकच बाण सोडला, तोही चुकला.
मग त्याच पाळीत हिरवं ग्रंथालय जाळलं.
कुणावर अन्याय नको.

"या आत," म्हटलं. "आणि घर विकू या."

दाउमांतासने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"स्काइस्ते? तू?"
एइमुतिसचा चमचा कपात थांबला.
मग दोघांनी, कितीतरी महिन्यांनी, एकमेकांकडे पाहिलं,
खुर्च्या जवळ ओढल्या
आणि माझ्याविरुद्ध तह केला.
नियमाप्रमाणे मला बाहेर पाठवलं.

थंडी होती. आईचा कोट घालून गेले.
क्रेन मोजल्या: सात, की आठ,
एक धुक्यात मधूनच जाते.
आतून कुजबुज, मग दाउमांतासचं ते
नाकातून येणारं हसू.
दहा फेऱ्यांत माझं एकही शहर उरणार नाही.

खिशातलं बटण बोटांत फिरवत राहिले.
हे या कोटाचं नव्हेच.
कोटाची सगळी बटणं जागेवर आहेत.