तुओचं स्टूल

लानचौला आले त्या आठवड्यात
माझ्याकडे चिनीचे बारा शब्द होते,
त्यातले चार नूडल्सच्या जाडीचे.
केसाएवढी, सुतळीएवढी, कांद्याच्या पातीएवढी, पट्ट्याएवढी.
खिडकीतला माणूस पीठ ताणत विचारायचा, कुठली?
मी पात म्हणायचे, तेवढंच नीट जमायचं.
महिनाभर पातच खाल्ली.

लुआन बाई हाताने सूर दाखवायच्या.
पहिला, सपाट तळहात, गोठलेलं तळं.
तिसरा म्हणजे दरी,
उतरा, तळाला टेका, मग चढा.
चौथा कुऱ्हाड.
माय दरीतून आला तर विकत घेणे,
माय कुऱ्हाडीसारखा पडला तर विकणे.
लिहिताना विकण्याच्या डोक्यावर
बेरजेची खूण जास्त,
बाकी अक्षर तेच.
आम्ही अकरा जण, नऊ देशांचे,
सकाळभर हवेत लाकडं फोडायचो.

पुलाखाली म्हातारा तुओ खरबुजं घेऊन बसायचा.
पांढरी टोपी, तागडी, काचेच्या बरणीत चहा.
मी रस्ताभर घोकत गेले
आणि त्याच्यासमोर कुऱ्हाड टाकली:
मी खरबूज विकते.

तो हसला नाही.
उठला, स्टूल बाहीने पुसलं,
तागडी माझ्याकडे सरकवली
आणि नदीकडे तोंड करून चहा पीत उभा राहिला.

मी बसले.
नारिनच्या डोंगरातली बुरुलाय,
वय एकोणीस, पिवळ्या नदीच्या काठी दुकानदार.
तीन खरबुजं विकली.
एका बाईने भाव पाडला, मी हो म्हटलं.
तिने आणखी पाडला,
हो शब्द मला येत होता, मी तोच दिला.
तुओचं नुकसान किती झालं
हे मोजण्याइतके आकडे तेव्हा येत नव्हते.

तिसरं गेल्यावर त्याने बोटाने हवेत दरी काढली,
एकदाच, सावकाश.
मग एक फळ उचललं, बोटाच्या पेराने ठोकलं,
माझ्या कानाशी धरलं.
पैसे घेतले नाहीत.

आता माझ्या गळ्यात ओळखपत्र आहे.
परदेशी विद्यार्थी विभाग, दुसरा मजला.
वैद्यकीय दाखला, पोलिसांचा शिक्का,
दोन्ही कान दिसतील असा फोटो,
हे मी झोपेतही सांगू शकते
आणि प्रत्येक सूर जिथल्या तिथे पडतो.
या वर्षी चाळीस जण आणायचेत.

ओशच्या क्रीडागृहात शिक्षण मेळावा.
जमिनीवर बॅडमिंटनच्या रेघा,
आमचं टेबल बरोबर सर्व्हिस लाइनवर.
माहितीपत्रकावर ग्रंथालयाच्या पायऱ्यांत बसलेला एक मुलगा.
तो दुसऱ्याच वर्षी सोडून गेला,
फोटोत हसतोच आहे.

उझ्गेनहून एक मधमाश्या पाळणारा आला, मुलीला घेऊन.
नुरझामाल. नखांना मेण.
त्याने फी विचारली, वसतिगृह विचारलं, जेवणात काय असतं ते विचारलं.
मग म्हणाला, शिकून ही कोण होणार?
मी छातीवरच्या कार्डावर बोट ठेवलं.
त्याने ते वाचलं नाही,
पोळ्यात राणी आहे का बघतात तसं
बराच वेळ पाहत राहिला.

मुलगी फोनवरून शिकलेली.
धीर करून म्हणाली, अगदी स्पष्ट, अगदी चुकीचं:
मी चिनी पुस्तक विकणार.

आणि मी लगेच
हात वर केला, दरी काढली.
तिने पुन्हा म्हटलं, बरोबर म्हटलं.
मी शाबास म्हणाले, नाव लिहून घेतलं. सतरावी.
पावतीच्या तळाशी ओळ छापलेलीच होती,
चूकभूल द्यावी घ्यावी.

ती गेल्यावर, दिवे विझवत येईपर्यंत,
तुओ आठवत राहिला, पाठमोरा, नदीकडे तोंड केलेला.

टेबलामागे घडीची खुर्ची एकच होती.
तिच्यावर मी बसले होते.