मानस

आमच्या चोडणात बांधातल्या दाराला मानस म्हणतात.
दोन जाड फळ्या, बिजागऱ्या, आणि पलीकडे मांडवी.
भरती चढली की पाणीच दार लोटून बंद करतं,
ओहोटीला शेतातलं पाणी ते उघडून बाहेर पडतं.
एवढंच. कुणाला छाती लावून उभं राहावं लागत नाही.
हे मला त्रेपन्नाव्या वर्षी कळलं,
जन्म इथलाच असून.

मी वीज खात्याच्या खिडकीत बसतो.
तेवीस वर्षं एकच वाक्य : उद्या या.
इतकं तोंडात बसलेलं, की एका रविवारी
दारात भोंगा वाजवणाऱ्या पोदेरालाही म्हणालो, उद्या या.
तो बिचारा गेला पाव घेऊन.
सुकांती हसली नाही.
घरात माझ्या बोलण्यावर हसायची रीत
केव्हाच मोडली होती.
तनुजा दुसऱ्या खोलीतून आईला सांगायची,
'बाबांना तू विचार.'

खात्याने आम्हाला पणजीला व्याख्यानाला नेलं.
टाय लावलेला माणूस म्हणाला,
रोज आरशात बघून म्हणा, मी शांत आहे.
म्हटलं. अकरा दिवस म्हटलं.
बाराव्या दिवशी दाढीचं पातं बोथट निघालं
आणि मी शांत आहे असं ओरडलो.

तेव्हा संध्याकाळी बांधावर जाऊन बसलो.
काशियान मानशीत जाळं लावत होता, कोळंबीसाठी.
माझं सगळं ऐकून घेतलं, की नाही घेतलं, कोण जाणे.
मग म्हणाला, रोहिदास, भरतीत दार कोण दुरुस्त करतो?
वेडा करतो, आणि वाहून जातो.
आम्ही सुकतीला उतरतो.
बिजागरीला तेल, फटीला चिखल नि गवत,
आणि कुर्ल्यांची बिळं शोधायची.
बांध पुराने फुटत नाही रे,
कुर्लीच्या बिळाने फुटतो.

घरी आलो. झोप नव्हती.
माझी बिळं मोजली,
तीन आठवली, चौथं सुकांतीने न विचारता सांगितलं.

तेव्हापासून सकाळची पहिली फेरी
ही माझी सुकती.
पाणी सपाट, कुणी भांडत नाही,
रायबंदरचा धक्का हळूहळू मोठा होतो.
मी शांत आहे, असं आता म्हणत नाही, ते खोटं आहे.
म्हणतो, आज दुपारी एक म्हातारी येईल,
तिच्या हातात चुकीचं बिल असेल, मला भूक लागलेली असेल,
आणि मी म्हणेन, बसा.
फक्त बसा.
हा शब्द तोंडात घोळवतो
रायबंदर येईस्तोवर.

आली एकदा. पावणेएकला. सोबत पिशवी, पिशवीत आंबाडे.
'उद्या' दातापर्यंत आला होता.
काय झालं सांगता येत नाही,
आतून कुठेतरी फळी फिरली.
म्हटलं, बसा.
बाजूच्या खुर्चीतला वामन मान वळवून बघत राहिला,
जणू मीटरच उलटा फिरला.

त्याच संध्याकाळी फेरीवर
स्कूटर घुसवणाऱ्या पोराला शिव्या दिल्या, सणसणीत.
म्हणजे तेही आहे.
काशियानला सांगितलं तर तो म्हणाला,
शेतातलं मीठ कधी पूर्ण जातं?
कोरगुट त्या मिठातच पिकतो.
लाल, जाडा, पेजेला गोड.

काल रात्री जेवत होतो.
ताटात खारं, पेज, विजेचा दिवा मंद.
(हो, आमच्याकडेही दाब कमी असतो.)
तनुजा दाराशी आली.
अर्धी आत, अर्धी बाहेर,
एक पाय मागे तयार ठेवून.
म्हणाली, 'बाबा, गणितात एकोणचाळीस.'

बाहेर भरतीची वेळ होती.
मला ऐकू आलं,
लाकूड लाकडाला टेकताना होतो तो
अगदी बारीक आवाज.

'बस,' म्हटलं,
आणि तिच्यासाठी पाट सरकवला.