रकाना क्रमांक चार

सटाण्याच्या कचेरीत, माझ्या टेबलावर,
आज आमच्याच बंधाऱ्याचा अर्ज आलाय.
नदी: आरम. लांबी: फुटांत.
बांधकामाचं साल: माहीत नाही, आजोबांच्या आधीचं.
रकाना क्रमांक चार, मालकाचं नाव:
कोरा.
नाही म्हणायला चिखलाचा एक अंगठा उमटलाय,
सहीचा नव्हे, कागद धरल्याचा.

मागणी एवढीच, की माथ्याचे निसटलेले दगड
गाव पुन्हा बसवील. पैसा नको, परवानगी द्या.

साहेब म्हणतात, अपूर्ण. परत पाठवा.
एक तर सरकारचा असेल, नाही तर कुणाच्या बापाचा.
तिसरा पर्याय संगणकात नाही.

कुणाच्या बापाचा.

माझा बाप झिपरू, त्या पाण्याचा पाटकरी.
घरी वीतभर रान नव्हतं,
म्हणूनच फावडं त्याच्या हाती दिलेलं:
ज्याला पाणी नको, त्यानं पाणी वाटावं.
चार फड, आणि प्रत्येकाची पट्टी चारही फडांत.
नदी आटली की एक फड पडीक.
मग एकाचं नव्हे, सगळ्यांचंच थोडंथोडं वाळे.
मजुरी म्हणून सुगीला पेंढ्या,
ज्याचं जेवढं भिजलं तेवढ्या.

एका उन्हाळ्यात रात्री कुणीतरी चारी फोडली.
पंच होते दगा आप्पा भामरे
(नावातच काय तो दगा)
आणि फोडणारा त्यांचाच धाकटा, विलास.
दंड ठरला: शंभर टोपल्या गाळ. मोजणार पाटकरी.
कमरेइतक्या गाळात भामऱ्यांचा पोर,
आणि काठावर माझा बाप, अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी...
त्या दिवशी त्याला कुणी
ए झिपऱ्या, म्हणालं नाही.

त्याच एका दिवशी. खोटं का लिहू?
पारावर बैठक, बाप पाराखाली.
आमच्या बाया सांडव्याखालचं गढूळ भरायच्या.
सगळ्यांचं पाणी, असं म्हणताना गावाचा श्वास
आमच्या वस्तीआधीच संपायचा.

मग डाळिंबं आली. बोअरच्या गाड्या आल्या,
रात्र रात्र जमिनीला भोकं.
ज्याचं त्याचं पाणी, ज्याचं त्याचं कुलूप.
पाटात बाभळी उगवल्या. पेंढ्या थांबल्या.
बाप तरी पहाटे फावडं घेऊन निघायचा,
आणि कोरड्या पाटावरून तसाच घरी.
आई म्हणायची, फिरायला जातात.
फिरायला! फावडं घेऊन!

यंदा सहाशे फुटांवर नुसता धुरळा निघाला.
टँकरवाल्यानं दर सांगितला, तो दर आठवड्याला वाढला.
योजनेचा फलक लागला, पाइप नाही.
तेव्हा विलास, आता डोक्याचे केस गेलेला,
आमच्या वस्तीत आला, ओट्यावर बसला,
म्हणाला, पाट कुठून कुठे जायचा ते
आता फक्त तुमच्या लोकांना ठाऊक आहे.
माझी चुलती राजूबाई म्हणाली, दाखवू.
आधी वस्तीची चारी. वरच्या अंगानं.
आणि बैठकीत आम्ही खाली बसणार नाही.
विलासनं बराच वेळ विडी शोधली.
मग हो म्हणाला.
मनापासून की गरजेपोटी, कोण जाणे;
बाभळी मात्र दोघांनी मिळून तोडल्या.

आणि हा अर्ज.

लहानपणी मी बापाला विचारलं होतं, पाणी कुणाचं?
टाचेनं एका वाफ्याचं तोंड बुजवत,
दुसऱ्याचं उघडत तो म्हणाला,
आत्ता? आत्ता शेवटच्या वाफ्याचं.
सकाळी पुन्हा बघू.

साहेब जाता जाता विचारतात, भरलं का?
मी पेन्सिल घेते. लिहिते: आत्ता
आणि रकाना संपतो.
उरलेलं मागच्या पानावर.