रिंगची फट

पिसुर्ल्याच्या खाणी बंद आहेत,
धूळ मात्र अजून कामावर.
फिल्टरच्या फाटक्या कडेतून शिरली,
सिलिंडरभर उभे ओरखडे ओढून गेली.

सोप्यावर गोणपाट. हेड उतरवलं.
पिस्टनचा माथा तव्याच्या पाठीसारखा.
"आधी खाली चिंधी कोंब रे," बाबा म्हणाले,
"क्लिप आत पडली तर सगळं पोट फाडावं लागेल."

क्लिप उडालीच.
चिंधीत नाही, गोणपाटावर नाही.
टॉर्च घेऊन दोघंही गुडघ्यांवर:
अकरा वर्षं टिपर हाकलेला माणूस
आणि मी,
सापडली ती चुडतांच्या ढिगात.

डिचोलीहून बोअर मारून आणला.
नवी रिंग आत सरकवून फट मोजली,
फीलरचं पातं जेमतेम गेलं.
"टोकं भिडवू नकोस. तापली की वाढते."
एवढंच बोलून ते उठले,
हातावर साखर, साबण,
कोपरापर्यंत काळा फेस.

रात्री साडेअकरा. आठव्या किकला धरलं.
निळा धूर. फिलोमेनबायने खिडकी आपटली.
बाबा दारात.
"चिंधी काढली होतीस ना?"

त्यांच्याच खांद्यावर होती.