समुद्रसपाटीपासून

कोल्हापूर स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर
नावाच्या खाली, बारीक आकड्यांत
समुद्रसपाटीपासूनची उंची.
पाचशेच्या वर काहीतरी मीटर.
कोण वाचतंय?
गाडी लागली की माणसं डबा शोधतात,
उंची नाही.

दिलावर मुजावर पेंटर ती पाटी रंगवायचे.
मी डबा धरणारा पोरगा,
टर्पेंटाइननं डोळे चुरचुरायचे.
"चाचा, समुद्र तर घाटाखाली,
मग त्याची सपाटी हितं कुणी आणली?"
ब्रश कानामागं खोचत ते म्हणाले,
"कुणीतरी कुठंतरी खुंटी मारली असंल.
बायकोच्या माहेरागत असतंय ते,
दिसत नाही,
पण सगळा हिशोब तिथनंच सुरू."

त्याच हातानं त्यांनी पुराच्या रेघा मारल्या.
एकोणीस सालचं पाणी उतरल्यावर
जामदार क्लबच्या अंगाला, कुंभार गल्लीत,
जो बोलवील त्याच्या भिंतीवर
निळी रेघ, खाली साल.
एका घरी म्हातारा म्हणाला, जरा वर घे,
पंचनाम्याला बरं.
एका घरी सासू म्हणाली, खाली घ्या की,
पोरीला बघायला येणार हाईत.
चाचांनी दोन्हीकडं
चिखलाचा डाग होता तिथंच मारली.

उद्यमनगरातनं बर्फाची लादी निघते,
हातगाडीवर, भुशात, पोत्याखाली.
रसवंतीपर्यंत येताना मागं ओली रेघ सोडते.
कारखान्यातलं वजन आणि गिऱ्हाइकाचं वजन,
मधला फरक रस्ता पितो.
जगाच्या टाळूवर आणि तळव्याला
जी थोरली लादी उघडी पडलीय
तिचा फरक कोण पितं
ते मी फोनवर बघितलं,
अंगठ्यानं वर सरकवलं,
खाली लग्नाचे फोटो होते.

मग स्टेशनाबाहेर शेवंती मोंडकर बसायला लागली.
सुका बांगडा, सोडे, एक तागडी.
देवबागच्या पुळणीवरची.
एका दुपारी प्लॅटफॉर्मवर पाणी भरायला आली
आणि पाटीसमोर थांबली.
अख्ख्या स्टेशनात तिनंच तो आकडा वाचला,
ओठ हलवत, बिल तपासावं तसा.
"आमच्या दारात ह्यो आकडो शून्य होतो," म्हणाली.
मी म्हटलं, आणि आता?
"आता दारच नाय."
बाटली भरली, झाकण लावलं,
माश्या बसतील म्हणून घाईनं गेली.

तेव्हापासून मला ती खुंटी दिसते.
वाळूत रोवलेली, मानेपर्यंत पाण्यात.
आम्ही इथं उंचावर, निवांत,
तांबडा-पांढरा ओरपत,
जगात भारी.
पण खालनं कुणी तरी पट्टी वर सरकवतंय,
आणि आम्ही एक पायरीही न उतरता
ठेंगणे होतोय.

चाचा गेले. मी आता फ्लेक्स छापतो,
वाढदिवस, कुस्त्या, भावपूर्ण श्रद्धांजली.
ब्रश एकच ठेवलाय, केसं झडलेला.
कधी त्या पाटीचं काम आलंच
तर नाव तेलरंगात काढीन,
पाचशेही तेलरंगात.
दशांश चिन्हाच्या पुढचे आकडे
खडूनं.

साहेब ओरडतील, पावसात पुसतंय ते.
पुसू दे.
मी शेवंतीला विचारून
पुन्हा लिहीन.