लक्ष्मीपुरीत चिकट तांदूळ

आजऱ्याचा घनसाळ दाखवला, अस्सल.
तिनं वास घेतला, मान हलवली. नको.
काळा जिरगा. नको.
बासमतीकडं तर बघितलंच नाही.
चिमूटभर दाणे दोन बोटांत दाबून
मोडक्या हिंदीत म्हणाली, चिपकनेवाला.

तीस वर्षांत असलं गिऱ्हाईक पहिलंच.
लोकांना भात मोकळा लागतो,
शिताला शीत न शिवणारा.
दऱ्याप्पा पोत्यावर बसल्या बसल्या हसला.
मी इंद्रायणीचं तोंड सोडलं.

विद्यापीठात शिकते. नाव सिरीपोन.
सिरी म्हणजे श्री, पोन म्हणजे वर.
म्हटलं, मग तू श्रीवर.
आमच्या गल्लीत एक आहे, पंक्चर काढतो.

गाव थायलंडच्या उत्तरेला, डोंगरात.
पण आम्ही मूळ तिथले नव्हे, म्हणाली.
मग कुठले?

तिनं मूठभर इंद्रायणी काउंटरच्या काचेवर सांडली
आणि बोटानं वाटा पाडल्या.

वडिलांच्या शाळेच्या पुस्तकात होतं,
आपण आलो अल्ताई पर्वतातून.
का, तर त्या नावात शेवटी ‘ताई’ येतं.
नावावरनं घराणं जुळवणारे
आमच्याकडंही काही कमी नाहीत.
पण बर्फात कुठला आलाय भात?

आता म्हणतात, चीनच्या दक्षिणेकडून,
चुनखडीच्या सुळक्यांमधल्या खाचरांतून.
ते तरी कुणी पाहिलंय.
राजांनी कोरून ठेवलं ते सगळं नंतरचं.
त्याआधी नुसती माणसं होती
नदीच्या कडेकडेनं, पिढी-दोन पिढ्यांना एक खोरं.
वरून फौजा रेटायच्या, खालून पाणी बोलवायचं.
बियाणं कमरेला.

इथं मला राहवलं नाही.
महापुरात दुकानात छातीइतकं पाणी आलं
तेव्हा ह्या दऱ्याप्पानं आधी काय उचललं?
गल्ला नाही. भाताचं बियाणं.
अजून बोलतो मी त्याला त्यावरनं.

एक दाणा तिनं डोंगर ओलांडून आसामात सरकवला.
तीन मेकाँगच्या काठाला.
बाकीचे खाली, दुसऱ्यांच्या राज्यात.
तिथं एका दगडी भिंतीवर ख्मेर राजाची फौज आहे,
पावलात पाऊल, सरळ ओळीत.
मध्येच एक तुकडी विस्कटलेली,
माळा लोंबताहेत, भाले कसेही,
कुणी मागं वळून शेजाऱ्याशी बोलतोय.
शेजारी कोरलंय: श्याम.
ते आम्ही असणार, म्हणाली,
आणि पुढं काहीच बोलली नाही जरा वेळ.

शहराला काय म्हणता?
मुअंग.
आणि पाटाला?
मुअंग. फक्त सूर चढवायचा.
मी दोनदा म्हणून बघितलं,
दोन्ही वेळा शहरच झालं.
दऱ्याप्पाला पहिल्या झटक्यात पाट जमला.

आधी नदीला बांध, लाकडाचा.
मग पाट, मग खाचर, मग घरं.
राजा सगळ्यात शेवटी.
म्हटलं, बंधारा बघायचा तर पंचगंगेवर जा,
कोल्हापूर पद्धतीचा, पुस्तकात नाव आहे.
जाऊन आले, म्हणाली. बरगे मोजून आले.

मग मापटं घेतलं.
आमच्यात पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत.
लाभ, मी म्हणालो.
तिची मान झटकन वर. लाप?
तोच शब्द, अर्थही तोच, शेवटचा भ गिळलेला.
तो कुणाच्या कमरेला बांधून तिकडं गेला
तिलाही ठाऊक नाही.

दोन, मी म्हणालो. सोंग, ती म्हणाली.
तीन. साम.
चार. सी.
पाच. हा.
मला वाटलं, बास म्हणते. पिशवी बांधली.
तिला सहा हवी होती.

ती गेल्यावर काचेवरचा पसारा तसाच.
रात्री हिशेबाला जागा करायची म्हणून
हातानं गोळा केला, पोत्यात ओतला.

आता त्यातला आसामला गेलेला कुठला,
विचारू नका.